ओंडक्यावरची रास्ना

(नभोवाणीवरील भाषण)

ऑर्किड हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या मनात काचघर उभे राहते. धुक्यात बुडालेले डोंगर, सतत ठिबकणारे पाणी, मोजून दिलेली ऊब आणि या सर्वांचा खर्च सोसणारा एखादा धनिक, एवढा सरंजाम असल्याशिवाय ही फुले फुलत नाहीत, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. मग बुऱ्हाणपुरातील बुधवाऱ्यासारख्या दाट वस्तीच्या मोहल्ल्यात, जेथे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो, गल्लीतील दगड संध्याकाळपर्यंत तापलेला असतो आणि नळाचे पाणी घागरींनी मोजले जाते, तेथे ऑर्किड वाढविण्याची गोष्ट कोणी काढली, तर ऐकणाऱ्याला हसू आले तर नवल नाही. त्यातून हे झाड कुंडीत न लावता नुसत्या लाकडाच्या ओंडक्यावर बांधून वाढवावयाचे असे सांगितले, तर हसण्याची जागा अविश्वास घेतो. मातीवाचून झाड जगेल कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आसाम किंवा सिक्कीमपर्यंत जाण्याचे कारण नाही. बुऱ्हाणपुराच्या उत्तरेस सातपुड्याच्या उतारांवर, निमाड-खानदेशाच्या सीमेवरील जुन्या आमराया आणि मोहाची झाडे यांच्या खडबडीत फांद्यांवर, ताठ, पन्हळीसारख्या पानांचे एक रोप पिढ्यान् पिढ्या राहत आले आहे. त्याची पांढुरकी, दोरखंडासारखी मुळे खोडाला मिठी मारून बसलेली असतात, तर काही नुसतीच हवेत लोंबत असतात. मराठीत त्याला रास्ना म्हणतात, शास्त्रज्ञ त्याला व्हंडा टेसेलाटा या नावाने ओळखतात. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या प्रारंभापर्यंत त्याला फुले येतात. एकेका दांड्यावर सुमारे सहा ते दहा फुले असतात. पाकळ्या पिवळट हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांची जाळी, पाठीकडून पांढऱ्या, आणि मध्ये जांभळ्या रंगाचा ओठ. वासही गोड. टेसेलाटा या लॅटिन शब्दाचा अर्थच चौकटी-चौकटींचा, फरशीसारख्या नक्षीचा, असा आहे.

या रोपाच्या नावाचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, कलकत्त्यास संस्कृताचा व्यासंग करणारे सर विल्यम जोन्स यांच्या भारतीय वनस्पतींवरील टिपणांत याच रोपाला ‘वन्दा’ हे संस्कृत नाव दिलेले आढळते. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी त्याच शब्दावरून व्हंडा ही प्रजाती स्थापन केली. आज जगातील फुलांच्या बाजारात व्हंडा या नावाची जी निळी, जांभळी, नारिंगी फुले मोठ्या किमतीला विकली जातात, त्या साऱ्या गोताचे नाव अशा रीतीने संस्कृतातून गेलेले आहे. सिंगापूरने १९८१ साली राष्ट्रीय फूल म्हणून निवडलेले मिस जोआकिम हे संकरित फूलही अनेक वर्षे व्हंडा म्हणूनच ओळखले जात होते. शास्त्रज्ञांनी त्याला आता वेगळ्या प्रजातीत घातले असले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव टिकून आहे. ज्या रोपावरून हे नाव जगभर पसरले, ते मात्र निमाडच्या आंब्यावर अनोळखी राहिले आहे.

ते अनोळखी राहण्याचे एक कारण खुद्द या नावातच दडलेले आहे. अमरकोशात ‘वन्दा’ या शब्दाच्या शेजारी ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ हे दोन शब्द दिलेले आहेत. वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी. वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. पहिल्या शब्दात आरोप आहे, दुसऱ्यात केवळ वर्णन आहे. दुर्दैवाने लोकांच्या मनात हे दोन अर्थ एक झाले, आणि झाडावर जे जे उगवते ते ते बांडगूळ, असा सरसकट निकाल दिला गेला. आमराईचे मालक फांद्या साफ करावयास माणूस लावतात तेव्हा खऱ्या बांडगुळाबरोबर रास्नाही कोयत्याने खरवडून काढली जाते.

वस्तुतः या दोहोंमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे. बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत घुसविते, तिच्या रसवाहिन्यांना भिडते आणि तिच्यातील पाणी व क्षार ओढून घेते. बांडगुळाच्या पुढची फांदी वाळू लागते, ती यामुळेच. रास्नेचे मूळ सालीच्या वरच्या वर राहते. ते हलकेच सोडवून पाहिले तर खालची साल जशीच्या तशी आढळते, तिला छिद्र पडलेले नसते. पावसाचे पाणी, दवाचे थेंब, सालीच्या भेगांत साठलेली धूळ आणि कुजलेला पाचोळा एवढ्यावर तिचा संसार चालतो. आंब्याकडून ती फक्त बसावयास जागा घेते. पारावर बसलेला वाटसरू पाराचे दगड खात नाही, तशीच ही गोष्ट आहे. घरी ओंडक्यावर वाढविलेली रास्ना हे या गोष्टीचे सर्वांत सोपे प्रमाण होय, कारण मेलेल्या लाकडातून रस ओढता येत नाही. त्या वाळक्या लाकडावर ती वर्षानुवर्षे जगते आणि फुलते, तेव्हा तिच्यावरील जुना आरोप आपोआपच निकालात निघतो.

मग ती अवघड आहे, असे का म्हटले जाते? याचे कारण असे की, हौशी माणूस तिच्यावर माया करतो ती कुंडीतल्या तुळशीसारखी. तो तिला मातीत पुरतो, रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो आणि महिन्याभरात मुळे काळी पडून रोप मेले म्हणजे हे झाड आपल्या हवेचे नव्हे असे म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडातही याहून वेगळे घडले नाही. उष्ण देशांतून जहाजे भरून आणलेली ऑर्किडे तेथील बागवानांनी बंद, कोंदट, वाफेने भरलेल्या घरांत कोंडली, आणि ती असंख्य मेली. उष्ण देशातील झाडाला उष्णता व ओल पुष्कळ दिली की झाले, अशी त्यांची समजूत होती. १८३० नंतरच्या दशकात चॅट्सवर्थ येथील बागेत जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरांत मोकळी हवा खेळू दिली, निरनिराळ्या प्रदेशांतील झाडांसाठी निरनिराळे हवामान ठेवले, तेव्हा कोठे झाडे जगू लागली. थोडक्यात, ज्याला अवघड म्हटले गेले ते झाड नव्हते, त्याला दिलेली वागणूक चुकीची होती.

ही वागणूक सुधारावयाची तर रास्नेचे मूळ समजून घेतले पाहिजे. या मुळाच्या भोवती व्हेलामेन नावाचे एक स्पंजासारखे आवरण असते. ते मेलेल्या, पोकळ पेशींचे बनलेले असते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी पांढरे दिसते. पाणी पडताच ते आवरण पाणी शोषून घेते, पारदर्शक होते, आणि आतल्या जिवंत पेशींचा हिरवा रंग वर दिसू लागतो. होय, या मुळांत हरितद्रव्यही असते, आणि पानांप्रमाणे तीही उजेडात अन्न तयार करतात. अशा मुळाला मातीत पुरणे म्हणजे त्याचा उजेड आणि हवा दोन्ही बंद करणे होय. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा कोरडे होणे ही या मुळाची गरज आहे, आणि ओल्या मातीत ती कधीच भागत नाही.

पानांचाही एक विशेष आहे. बहुतेक झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. रास्ना आणि तिच्यासारखी कोरड्या जागी राहणारी झाडे दिवसा ही दारे बहुतांशी मिटून घेतात आणि रात्री, हवा थंड व दमट झाल्यावर, ती उघडतात. रात्री घेतलेला वायू पानांत आम्लाच्या रूपाने साठविला जातो आणि दिवसा उन्हात त्याचे अन्न बनते. दुपारच्या झळांत पाणी गमावू नये यासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद आहे. कोरफड, निवडुंग आणि अननस यांच्यातही हीच व्यवस्था आढळते. यावरून घरी झाड पाळणाऱ्याने घ्यावयाचा धडा असा की, रास्नेला रात्री बंद खोलीत ठेवू नये. तिचा श्वास रात्रीचा आहे. तेव्हा तिला मोकळी हवा हवी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळता येईल. बुधवाऱ्यातील एखाद्या जुन्या घराला मध्ये उघडा चौक आहे किंवा वर गच्ची आहे, असे समजावे. लाकूड निवडताना ते टिकाऊ आणि खडबडीत असावे. आंब्याची सालीसकट जाड फांदी चालते, पण ती काही वर्षांत कुजते. सागाचा जुना तुकडा, मोडक्या चौकटीचा किंवा तुळईचा, अधिक टिकतो. मात्र त्यावर रंग, वार्निश किंवा वाळवीचे औषध लावलेले नसावे. हातभर लांब आणि वीतभर रुंद एवढा तुकडा पुरे. त्याला वरच्या टोकाशी छिद्र पाडून तो टांगता येईल अशी सोय करावी. त्यावर मुळांच्या मागे बोटभर जाडीचा नारळाच्या काथ्याचा पातळ थर दिला तर निमाडच्या कोरड्या हवेत थोडी ओल धरून राहते. हा थर मुळांच्या वर मात्र पसरू नये.

बांधण्याचा योग्य काळ म्हणजे मुळांची टोके हिरवी व ताजी दिसू लागतात तो, म्हणजे ज्येष्ठाच्या सुमारास, पाऊस येऊ घातला असताना. या काळात निघालेले नवे मूळ काही आठवड्यांत लाकडाला चिकटते. हिवाळ्यात बांधलेले रोप मात्र महिनोन् महिने नुसतेच लटकत राहते. बांधण्यासाठी सुती कापडाच्या पट्ट्या उत्तम, आणि मागांच्या या गावात त्या कोठेही मिळतात. सुती पट्टीचा गुण असा की वर्ष-दोन वर्षांत ती आपोआप कुजून गळून पडते, आणि तोवर मुळांनी लाकूड धरलेले असते. तांब्याची तार कटाक्षाने टाळावी, कारण तांबे ऑर्किडच्या मुळांना बाधते. पट्टी खोडाच्या बुडाशी बांधावी. मुळे आवळू नयेत. रोपाचा शेंडा किंचित पुढे झुकलेला ठेवावा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचून शेंडा कुजत नाही. आंब्याच्या फांदीवरही ती बहुधा अशीच तिरकी वाढते.

पाण्याचा प्रश्न बुऱ्हाणपुरात विशेष विचार करण्याजोगा आहे. या शहराचा आणि पाण्याचा संबंध फार जुना. सातपुड्याच्या पायथ्यापासून जमिनीखालून बोगद्याने पाणी आणून उभ्या विहिरींची रांग खोदलेला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, उभा राहिला. कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर वाहणारे ते पाणी आजही पाहावयास मिळते. पण त्या बोगद्यात उतरणाऱ्याला भिंतींवर पांढऱ्या थरांचे लेप दिसतात. ते पाण्यातून बसलेल्या चुन्याचे आहेत. या भागातील भूगर्भातले पाणी जड असते. ज्या भांड्यात ते रोज उकळते, त्याच्या बुडाशी पांढरी पापडी धरते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. रास्नेच्या मुळांवर तेच पाणी रोज शिंपडले तर तशीच पापडी त्या स्पंजासारख्या आवरणावर बसते, छिद्रे बुजतात आणि मूळ पाणी पिईनासे होते. पाने सुरकुततात. मग मालकाला वाटते पाणी कमी पडले, आणि तो आणखी जड पाणी घालतो. पुष्कळ झाडे तहानेने मरतात ती अशी, पाण्यात उभी असताना.

यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवून पाणी साठवावे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छपराची धूळ घेऊन येते, ते वाहू द्यावे. एका ओंडक्याला लागणारे पाणी इतके थोडे असते की, झाकून ठेवलेली दोन-तीन पिंपे पुष्कळ दिवस पुरतात. एकच बादली पुन्हा पुन्हा वापरता येते, कारण ओंडका पाण्यात बुडवून काढला की उरलेले पाणी तसेच राहते. साठा संपल्यावर विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरावे लागले, तर पुढच्या पहिल्या पावसात ओंडका उघड्यावर टांगून मुळे स्वच्छ धुऊन निघू द्यावीत.

किती पाणी आणि केव्हा, याचे उत्तर घड्याळात शोधू नये, मुळातच शोधावे. मूळ रुपेरी दिसले तर तहान आहे. हिरवे दिसले तर थांबावे. उन्हाळ्यात सकाळी लवकर ओंडका दहा-पंधरा मिनिटे बादलीत बुडवावा आणि सूर्यास्तानंतर पुन्हा मुळांवर पाणी शिंपडावे. संध्याकाळचे पाणी रात्रीच्या श्वासाला साहाय्यक होते. भर दुपारी तापलेल्या पानांवर पाणी टाकू नये. पावसाळ्यात बहुधा काहीच करावे लागत नाही. झड लागून राहिली तर मात्र शेंड्यात पाणी साचते आहे का एवढे पाहावे. मार्गशीर्ष-पौषात वाढ मंदावते, तेव्हा आठवड्यातून दोन-तीन वेळा पाणी पुरे, आणि तेही सकाळी, म्हणजे थंड रात्रीपूर्वी झाड कोरडे होते.

उजेडाच्या बाबतीत रास्ना सावलीची भुकेली नाही. आंब्याच्या पानांतून गाळून येणारे ऊन तिला लागते. चौकाच्या पूर्वेकडील उजेड उत्तम. पान गर्द हिरवे आणि लुळे पडू लागले तर उजेड कमी पडतो आहे. पान पिवळट होऊन त्यावर लालसर झाक आली तर ऊन जास्त झाले. पांढरा, वाळलेला चट्टा पडला तर पान भाजले आहे, आणि तो चट्टा पुन्हा भरून येत नाही. चैत्र-वैशाखात लू वाहू लागली की ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूस ओले गोणपाट किंवा वाळ्याची ताटी टांगावी, किंवा पाण्याचे रांजण जेथे ठेवलेले असतात त्या गारव्याच्या कोपऱ्यात तो हलवावा. माठापाशी माणसाला बरे वाटते, तेच झाडालाही वाटते.

अन्न तिला फार थोडे लागते. बाजारात मिळणारे पाण्यात विरघळणारे खत डब्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शाने, तेही पावसाळ्याच्या चार महिन्यांत पंधरवड्यातून एकदा, एवढे बस होते. जास्तीचे खत चुन्यासारखेच मुळांवर क्षार साठविते. शत्रूही थोडेच आहेत. पानांच्या बुडाशी खवले कीड बसते, ती ओल्या फडक्याने पुसून काढता येते. पावसाळ्यात गोगलगाई रात्री येऊन मुळांची कोवळी टोके खातात. ओंडका जमिनीवर न ठेवता टांगलेला असला तर त्यांची वाट लांबते.

बुऱ्हाणपूरकरांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी एक गोष्ट आणखी आहे. हा केळ्यांचा मुलूख. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. याच वायूमुळे एक घड दुसऱ्याला पिकवितो. पण ऑर्किडच्या फुलांना तो फार लवकर बाधतो, त्यांतही व्हंडाच्या जातीला अधिक. ज्या खोलीत केळी पिकत घातली आहेत, तिच्या दाराशी फुललेली रास्ना टांगली तर जी फुले पंधरा दिवसांहून अधिक टिकावयाची ती अकाली मलूल होतात. कोणाची दृष्ट लागली, असे मग घरात म्हटले जाते. दृष्टीचा काही दोष नाही. घड दुसऱ्या खोलीत नेला की काम भागते.

इतके सारे नीट केले, तरी पहिल्या वर्षी फूल येईलच असे नाही. झाड आधी मुळे पसरते, लाकडाशी ओळख करून घेते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दांडा काढते. येथे हौशी माणसाच्या धीराची परीक्षा असते. पण या धीराचा हिशेब मांडताना झाडाच्या बाजूने पाहिले म्हणजे मनुष्याची दोन वर्षे फार थोडी वाटू लागतात. रास्नेच्या एका बोंडात धुळीसारखी असंख्य बीजे असतात. त्या बीजांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. वाऱ्याने उडालेले बीज फांदीवरील सालीच्या भेगेत पडले आणि तेथे नेमकी योग्य बुरशी भेटली, तरच ते रुजते. ती बुरशी त्याला पहिले अन्न पुरविते. नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे रहस्य १८९९ साली उलगडले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुइस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर, निर्जंतुक बाटलीत, ही बीजे रुजवून दाखविली, आणि आज बाजारात येणारी लक्षावधी रोपे त्याच मार्गाने तयार होतात. रानात मात्र ती बाटली नाही. असंख्य बीजांतून एखादेच रुजते आणि फुलावर यावयास त्याला कित्येक वर्षे लागतात. आंब्याच्या फांदीवरचा रास्नेचा मोठा झुपका म्हणजे अशी अनेक वर्षांची शिल्लक होय.

ही शिल्लक आज दोन बाजूंनी उधळली जात आहे. रास्ना हे नाव आयुर्वेदात वातावरील औषध म्हणून प्रसिद्ध आहे. पण या एका नावाखाली देशात निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. उत्तरेकडे एका वेगळ्याच झुडपाला रास्ना म्हणतात, दक्षिणेकडे कुलिंजनाच्या जातीच्या कंदाला ते नाव आहे, आणि काही भागांत या व्हंडाचीच मुळे त्या नावाने बाजारात येतात. मुळे काढली की हे झाड उरत नाही, कारण त्याचे सारे जीवन त्या मुळांत आहे. दुसरी बाजू जुन्या झाडांची. रस्ता रुंद करावयाचा असो, जुनी आमराई मोडून नवे पीक घ्यावयाचे असो, शंभर वर्षांचा आंबा एका दिवसात आडवा होतो, आणि लाकडाचा हिशेब करताना त्याच्या फांद्यांवरील पाहुण्यांची कोणी विचारपूस करीत नाही. त्या फांद्या जळणात जातात.

यामुळेच घरी रास्ना पाळण्याची हौस जर रानातून रोपे ओरबाडून आणण्याला कारण झाली, तर ती हौस न केलेली बरी. राखीव जंगलातून वनस्पती उचलणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. ऑर्किडचे सबंध कुळच आंतरराष्ट्रीय व्यापारावरील नियंत्रणाच्या करारात समाविष्ट आहे. हा करार १९७५ साली अमलात आला आणि भारत १९७६ पासून त्यात सहभागी आहे. पण कायद्यापेक्षाही साधी गोष्ट ही की, रानातून उपटलेले मोठे रोप बहुधा जगत नाही. त्याची जुनी मुळे सोडविताना तुटतात. योग्य मार्ग दोन. खात्रीच्या रोपवाटिकेत वाढविलेले रोप विकत घ्यावे, किंवा मालकीच्या शेतातील आंबा वादळात पडला, अथवा रीतसर तोडला गेला, तर त्याच्या फांदीवरील रास्ना मालकाच्या परवानगीने सालीसकट कापून आणावी. असे सालीसकट आणलेले रोप तर वेगळे बांधण्याचीही गरज नसते. फांदीचा तो तुकडाच त्याचा ओंडका होतो.

या रोपांची नोंद ठेवण्याचे काम आपल्याकडे मोठ्या निष्ठेने झालेले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेले आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झालेले फादर सांतापाव यांनी कपाडिया यांच्यासह जुन्या मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवर लिहिलेला ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. स्पेनमध्ये जन्मलेल्या या संन्याशाने सह्याद्रीच्या वाटा तुडवून जी झाडे पाहिली व नोंदविली, त्यांपैकी किती आज त्या त्या ठिकाणी आहेत हे पाहणे पुढच्या पिढीचे काम आहे. ते काम केवळ तज्ज्ञांचे नव्हे. ज्याने घरी एक रास्ना दोन-तीन वर्षे पाहिली आहे, त्याला रस्त्याने जाताना आंब्याच्या फांदीवर बांडगूळ कोणते आणि रास्ना कोणती हे लांबूनही ओळखता येते. तो कोयता चालविणाऱ्याला थांबवू शकतो. शाळेतील मुलांना हा भेद एकदा दाखविला तर ती घरी जाऊन आजोबांना सांगतात, आणि आजोबांचे आमराईवर पुष्कळदा चालते.

ओंडक्यावर वाढलेल्या जुन्या रास्नेला बुडाशी पिल्ले फुटतात. पिल्लाला स्वतःची दोन-तीन मुळे आली म्हणजे ते धारदार, स्वच्छ चाकूने वेगळे करता येते. पहिले पिल्लू शेजाऱ्याला द्यावयाची रीत चांगलीच आहे. दुसरे मात्र ज्येष्ठात, मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी, गावातील एखाद्या जिवंत आंब्याच्या खडबडीत फांदीला, माणसाच्या हाताला सहज न लागेल अशा उंचीवर, सुती पट्टीने बांधून द्यावे. पहिला उन्हाळा त्याला कठीण जाईल, तेव्हा आठवड्यातून चार वेळा त्यावर पाणी शिंपडण्याची जबाबदारी घरातील एखाद्या मुलाकडे द्यावी. पुढच्या पावसाळ्यात त्याची मुळे सालीवर पसरली म्हणजे मग कोणाच्याच पाण्याची त्याला गरज उरत नाही.